मुंबई ते न्यूयॉर्क: किलोमीटर, तास आणि रुपये

मुंबईहून न्यूयॉर्कचं सरळ अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. मोठं प्रवासी विमान उंची गाठल्यावर ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास उडतं. भागाकार केला की चौदा तास येतात. पण तिकीट शोधायला बसलं की कुठे साडेपंधरा तास दिसतात, कुठे सतरा, कुठे एकवीस, तर कुठे चक्क तीस. भाड्यातही एकाच दिवशी, एकाच प्रवासाला तीस-चाळीस हजारांचा फरक सापडतो. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात अशी असंख्य घरं आहेत जिथली मुलं एडिसन, जर्सी सिटी किंवा क्वीन्सला स्थायिक झाली आहेत आणि आईवडील वर्षा-दोन वर्षांनी तिकडे जातात. त्यांच्यासाठी हा हिशेब नीट मांडावा असं फार दिवस मनात होतं. कारण या प्रवासात आपण पैसे मोजतो ते अंतराचे नव्हे, तासांचे. हे एकदा ध्यानात आलं की तिकीट निवडणं बरंच सोपं होतं.

दोरा कुठून जातो

घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर ठेवून ताणून धरा. भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क आपल्या डावीकडे, अरबस्तान-आफ्रिकेच्या पलीकडे दिसतं, म्हणून विमान पश्चिमेला जात असेल असं वाटतं. दोरा मात्र मुंबईहून थेट वायव्येच्याही वर, उत्तरेकडे झुकून निघतो. सौराष्ट्र, कच्छचं रण, पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कास्पियन समुद्राच्या वरचा कझाकस्तानचा कोपरा, मग मॉस्कोच्या जवळून, हेलसिंकीच्या बाजूने नॉर्वे ओलांडून तो आइसलँड आणि फॅरो बेटांच्या मधल्या समुद्रावर येतो. तिथे तो जवळपास ६५ अंश उत्तर अक्षांशावर असतो. पुढे ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरत लाब्राडोर, क्वेबेक आणि न्यूयॉर्क.

आता या दोऱ्याखाली कोणते देश आले ते पुन्हा वाचा. वेळेचा आणि भाड्याचा बराचसा गुंता तिथेच आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाने युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना बंद केलं. त्यामुळे भारतीय कंपनीचं विमान एका बाजूने वळसा घेतं, अमेरिकी कंपनीचं दुसऱ्या बाजूने. पाकिस्तानच्या बंदीचा फटका दिल्लीहून सुटणाऱ्या विमानांना जास्त बसला. मुंबईच्या विमानाला अरबी समुद्रावरून आखाताकडे जाण्याची वाट तरी मोकळी असते. पण वळसा तो वळसाच. इंधन जास्त लागतं, कर्मचाऱ्यांचे तास वाढतात, आणि कधी कधी मध्येच कुठेतरी नुसतं इंधन भरायला उतरावं लागतं. म्हणून जुन्या अनुभवावर विसंबून ‘इतक्या तासांत पोचतोच’ असं धरू नये. तिकीट काढताना त्या आठवड्याचा, त्या कंपनीचा प्रवासकाळ बघावा.

दुसरं कारण वाऱ्याचं. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्यांचे पट्टे वाहतात, ज्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर असणं नेहमीचं, हिवाळ्यात त्याहून जास्त. अमेरिकेकडे जाताना हा वारा समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून थेट विमानाला जाताना साधारण साडेपंधरा ते सतरा तास लागतात आणि येताना त्याहून तासभर, कधी दीड तास कमी.

तिकिटावरच्या वेळा

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. मुंबई आणि न्यूयॉर्कमधला फरक वर्षभर सारखा नसतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत अमेरिकेत घड्याळ एक तास पुढे असतं, तेव्हा न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. बाकीच्या काळात साडेदहा तास.

समजा मे महिन्यात तिकिटावर मुंबईहून सुटण्याची वेळ ०१:३० आणि न्यूयॉर्कला पोचण्याची त्याच तारखेची ०७:३० आहे. वरवर सहा तास. त्यात साडेनऊ मिळवा, साडेपंधरा होतात. परतीचं विमान सकाळी ११:०० ला सुटून दुसऱ्या दिवशी ११:३० ला मुंबईत उतरत असेल, तर साडेचोवीसातून साडेनऊ वजा करा, पंधरा तास. जाताना फरक मिळवायचा, येताना वजा करायचा.

पण यापेक्षा मोठी चूक तारखेत होते. १२ मेचं ०१:३० चं विमान म्हणजे विमानतळावर ११ मेच्या रात्री हजर व्हायचं. बारा तारखेचं तिकीट म्हणून बाराच्या संध्याकाळी बॅगा भरायला घेतलेल्यांचं विमान अठरा तास आधीच गेलेलं असतं, आणि गैरहजर राहिलेल्या प्रवाशाच्या स्वस्त तिकिटातून कराचे किरकोळ पैसे सोडून फारसं काही परत मिळत नाही. शिवाय जाण्याचा टप्पा चुकला तर बहुतेक कंपन्या परतीचा टप्पाही आपोआप रद्द करतात. घरातल्या कॅलेंडरवर विमानाची तारीख लिहू नका, घरातून निघण्याची तारीख आणि वेळ लिहा.

आणि घरातून निघण्याची वेळ धरली की ‘साडेपंधरा तास’ हा आकडाच बदलतो. पुण्याहून सहार विमानतळ सुमारे दीडशे किलोमीटर. घाटातली कोंडी धरून चार तास हाताशी ठेवावेत. टर्मिनल दोनला विमानाच्या साडेतीन-चार तास आधी पोचायचं. म्हणजे ०१:३० च्या विमानासाठी संध्याकाळी साडेपाचला निघायचं. पुढे साडेपंधरा तास हवेत, दोन तास इमिग्रेशन आणि सामानात, मग एडिसनपर्यंत पावणेदोन-दोन तास गाडीत. दारापासून दारापर्यंत सत्तावीस तास झाले, तेही थेट विमानाने. कोल्हापूर-सांगलीकरांनी यात आणखी चार-पाच तास घालावेत, किंवा सरळ आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम धरावा. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला प्रवाशांसाठी सुरू झाला आहे, त्यामुळे तिकिटावर कोणता विमानतळ आहे हे आता मुद्दाम वाचायला हवं. मुंबई शहरातून जाणाऱ्यांना भुयारी मेट्रोचं टर्मिनल दोनचं स्थानक सोयीचं आहे, पण दोन-दोन मोठ्या बॅगा घेऊन आणि मध्यरात्रीच्या विमानासाठी टॅक्सीच बरी.

उतरायचं कुठे, हाही पैशाचा प्रश्न आहे. मुलं न्यूजर्सीत असतील तर नुअर्क विमानतळ जवळ. एडिसन तिथून तीसेक किलोमीटर, तर न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाहून जवळपास दुप्पट, वर मधल्या पुलांचे टोल. जेएफकेहून मॅनहॅटनला पिवळ्या टॅक्सीचं ठरीव भाडं ७० डॉलर आहे, त्यावर टोल, अधिभार आणि टिप वेगळी. मुलगा घ्यायला येणार असला तरी त्याची अर्ध्या दिवसाची रजा कोणत्या विमानतळाने वाचते ते त्यालाच विचारावं.

थेट जावं की थांबून

मध्ये थांबलं म्हणजे अंतर खूप वाढतं हा समज चुकीचा आहे. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि लंडन-न्यूयॉर्क साडेपाच हजारांच्या थोडं वर. बेरीज पावणेतेरा हजारांच्या आसपास. फ्रँकफर्टमार्गेही जवळपास तेवढीच. दुबईमार्गे १९००-२००० अधिक ११,०००, म्हणजे १३,००० च्या आत. सरळ दोऱ्यापेक्षा दोनशे ते पाचशे किलोमीटर जास्त. विमानाला हे अर्ध्या तासाचं काम. बाकीचे चार-पाच तास जातात ते उतरण्यात, थांबण्यात आणि पुन्हा चढण्यात.

मग थेट विमान महाग का? एक तर वेळ वाचवणाऱ्याकडून जास्त पैसे घेता येतात, हा बाजाराचा साधा नियम. दुसरं कारण इंधनाचं. लांबच्या बाजाराला निघालेल्या बैलगाडीत बैलांचीच वैरण भरावी लागते तसं सोळा तासांच्या विमानाला शेवटच्या तासांचं इंधन सुरुवातीपासून वाहून न्यावं लागतं, आणि ते वाहायलाच आणखी इंधन जळतं. मध्ये उतरून भरणाऱ्या विमानाचा हा भार हलका होतो.

तुलना करायची माझी रीत अशी. थेट विमानाचं परतीसकट भाडं आणि थांबत जाणाऱ्याचं भाडं यातला फरक काढायचा, जाऊन-येऊन वाचलेल्या तासांनी भागायचा. समजा थेट १,३५,००० आणि आखातातून १,०५,०००. फरक ३०,०००. थेट सोळा तास, आखातातून एकवीस. जाताना-येताना मिळून दहाएक तास वाचतात. म्हणजे तासाला तीन हजार रुपये. हा भाव आपल्याला परवडतो का, एवढाच प्रश्न उरतो. चाळिशीतल्या धडधाकट माणसाने तीन हजार रुपये तास देऊन काय मिळवायचं? पण सत्तरीच्या पुढे, पहिल्यांदाच एकटं जाणाऱ्या आजींसाठी मी तो बिनदिक्कत द्यावा म्हणेन. परक्या विमानतळावर मध्यरात्री गेट बदललं, घोषणा कळली नाही, अशा वेळी त्यांच्या जिवाची जी घालमेल होते तिची किंमत तीस हजारांहून जास्त आहे.

थांबून जायचंच ठरलं तर कुठे थांबायचं यालाही अर्थ आहे, आणि याकडे फार कमी लोक बघतात. आखातातून गेलं की पहिला टप्पा सव्वातीन तासांचा आणि दुसरा चौदा-साडेचौदा तासांचा. म्हणजे थेट विमानातलं मुख्य दुखणं, सलग बसून राहणं, जवळपास तसंच राहतं. युरोपातून गेलं की पहिला टप्पा दहाएक तासांचा आणि दुसरा आठ-साडेआठचा. गुडघे, कंबर, पायांची सूज, वारंवार लघवीला जावं लागणं अशा तक्रारी असणाऱ्यांना ही विभागणी फार मानवते. मध्ये तीन तास चालायला मिळतं, एक गरम जेवण बसून होतं. एकूण वेळ अर्धा-पाऊण तास जास्त लागेल, पण शरीर कमी मोडून निघतं.

आखाताची बाजू घ्यायची तर अबू धाबीची एक सोय सांगायला हवी. तिथे २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स विमानात बसण्याआधीच होतं. न्यूयॉर्कला उतरल्यावर रांग नाही, देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ सामान घेऊन बाहेर. मात्र या तपासणीसाठी अबू धाबीत किमान तीन तासांचा थांबा हवा. दीड तासाचा थांबा दाखवणारं तिकीट स्वस्त असलं तरी घेऊ नये.

थांबा किती असावा? दीड तासाच्या आत कुठेच नको. अडीच ते चार तास उत्तम. आठ तासांवर गेला तर कंपनी हॉटेल देते का ते तिकीट काढण्याआधी विचारा, कारण भाड्यात वाचलेले पाच हजार रुपये विमानतळावरच्या दोन जेवणांत आणि लाउंजमध्ये संपतात.

सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे दोन वेगवेगळी तिकिटं जोडणं. मुंबई-लंडन एका कंपनीचं आणि लंडन-न्यूयॉर्क दुसरीचं, वेगळ्या बुकिंगवर, बेरीज केली तर कधी कधी पंधरा हजार कमी दिसते. पण पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी जबाबदार नसते. नवं तिकीट तुमच्या खिशातून. सामान मध्ये उतरवून पुन्हा द्यावं लागतं, आणि त्यासाठी त्या देशात प्रवेश करावा लागतो. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयाला युरोपात विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलायला सहसा वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही, पण बाहेर पडून सामान घ्यायचं असेल तर ती सवलत धरून चालू नये. ज्या देशात थांबणार त्याच्या वकिलातीचं संकेतस्थळ तिकिटाआधी बघावं. सगळे टप्पे एकाच पीएनआरवर असावेत, मग पहिलं विमान चुकलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते.

अमेरिकेत पुढे शिकागो, डॅलस वगैरे जायचं असेल तर आणखी एक. अबू धाबीची वाट सोडली तर इमिग्रेशन अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर होतं, बॅगाही साधारण तिथेच उचलून पुन्हा पट्ट्यावर द्याव्या लागतात. तिथे तीन तास ठेवा.

भाडं कधी चढतं, कधी उतरतं

या मार्गावर सगळ्यात महाग दिवस डिसेंबरचा मध्य ते जानेवारीचा पहिला आठवडा, आणि त्याखालोखाल मेच्या मध्यापासून जूनअखेर. मे महिन्यात अमेरिकेत पदवीदान समारंभ, इथे शाळांना सुट्या, आणि नातवंडांची उन्हाळी सुटी जूनपासून. ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांची गर्दी असते, त्यामुळे जातानाचं एकेरी भाडं कडाडतं. जानेवारीचा शेवट ते मार्च आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध हा त्यातल्या त्यात स्वस्ताईचा काळ. आईवडिलांनी एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात निघून ऑक्टोबरच्या आरंभी परतावं असा बेत मला सर्वांत किफायतशीर वाटतो. तिकडची हवा चांगली, सहा महिन्यांच्या आत परत, आणि दोन्ही टोकांना गर्दी कमी.

ढोबळमानाने, गर्दी नसताना एका थांब्याचं इकॉनॉमीचं परतीसकट तिकीट ८० हजार ते एक लाख दहा हजारांत बसावं आणि थेट विमानाला त्यावर पंधरा ते चाळीस हजार धरावेत. गर्दीच्या दिवसांत हेच आकडे दीड-दोन लाखांकडे जातात. इंधनाचा भाव आणि डॉलर यांच्याबरोबर हे हलत राहतं, म्हणून तीन-चार महिने आधीपासून आठवड्यातून एकदा भाव बघून वहीत टिपावेत. चार-पाच नोंदी झाल्या की कोणता भाव खरंच स्वस्त आणि कोणता जाहिरातीपुरता, ते आपलं आपल्यालाच कळतं. मंगळवारी रात्री तिकीट काढलं की स्वस्त पडतं वगैरे ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नये. प्रवासाचा वार बदलून मात्र खरा फरक पडतो. शुक्रवार-शनिवारऐवजी मंगळवार-बुधवार निघून बघा.

कराचंही थोडं. इकॉनॉमीच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे. त्यावरच्या वर्गांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १२ वरून १८ टक्के झाला. प्रीमियम इकॉनॉमी घ्यायचा विचार असेल तर हा फरक धरूनच तुलना करा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर कापला जाणारा टीसीएस नुसत्या विमान तिकिटावर लागत नाही. एजंटाने तो लावला असेल तर कशावर लावला ते विचारा.

आणि तिकीट शक्यतो कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. मध्यस्थाकडे हजार-पंधराशे वाचतात, पण तारीख बदलायची वेळ आली की कंपनी म्हणते एजंटाशी बोला, एजंट म्हणतो कंपनीकडून उत्तर आलेलं नाही, आणि बदलाचं शुल्क दोघांचंही लागतं. आईवडिलांच्या प्रवासात तारीख बदलण्याची शक्यता दांडगी असते. तब्येत, नातवाचं आजारपण, घरातलं कार्य. तेव्हा तारीख बदलण्याचं शुल्क किती, हा भाड्याइतकाच महत्त्वाचा आकडा आहे. पाच हजार जास्त देऊन बदलता येणारं तिकीट मिळत असेल तर तेच घ्यावं.

तिकिटाबाहेरचा पैसा

पर्यटक व्हिसाचं शुल्क १८५ डॉलर, माणशी, आणि व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. जुलै २०२५ च्या अमेरिकी कायद्यात आणखी २५० डॉलरच्या शुल्काची तरतूद झाली आहे. अर्ज भरताना ते लागू आहे का हे अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्या. मुलाखतीसाठी महाराष्ट्र आणि गोव्यातल्यांना सहसा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात यावं लागतं, त्याआधी बोटांचे ठसे आणि फोटोसाठी वेगळी हजेरी. ७९ वर्षांवरच्यांना मुलाखतीतून जी सरसकट सूट होती ती सप्टेंबर २०२५ पासून गेली. म्हणजे नागपूर किंवा सावंतवाडीच्या ऐंशीच्या आजोबांनाही मुंबईची फेरी आणि दोन रात्रींचा मुक्काम धरावा लागतो. हे त्या वयाच्या माणसांसाठी कष्टाचं आहे, म्हणून दोन्ही हजेऱ्या लागोपाठच्या दिवशी मिळतील अशा तारखा शोधाव्यात. व्हिसा हातात येण्याआधी परत न मिळणारं तिकीट कुणीही काढू नये, किती का स्वस्त असेना.

व्हिसा बहुधा दहा वर्षांचा मिळतो, पण एका खेपेला किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. साधारण सहा महिने मिळतात. ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. पोचल्यावर आठवड्याभरात मुलांकडून संकेतस्थळावर बघून घ्या आणि परतीचं तिकीट तिच्या आत आहे ना, ते तपासा.

विम्यात काटकसर नको. अमेरिकेत आपत्कालीन विभागात एक रात्र काढली तरी बिल हजारो डॉलरांत जातं. साठीनंतर हप्ते झपाट्याने चढतात आणि मुख्य कलमं बारीक अक्षरात असतात. आधीपासूनच्या मधुमेह-रक्तदाबाचं काय, खोलीभाडं आणि शस्त्रक्रियेवर वेगळी मर्यादा आहे का, दवाखाना पैसे थेट विमा कंपनीकडून घेतो की आधी आपण भरायचे, हे तीन प्रश्न लेखी विचारा. नियमित औषधं पूर्ण मुक्कामाची, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, आणि निदान आठवड्याची हातातल्या पिशवीत.

सामानाचं प्रमाण आता भाड्याच्या प्रकारावर ठरतं. पूर्वी या मार्गावर तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा गृहीत असायच्या. आता सगळ्यात स्वस्त भाड्यात बऱ्याच ठिकाणी एकच मिळते, आणि दुसरीचे शंभर ते दोनशे डॉलर वेगळे. दोन भाड्यांची तुलना करताना बॅगा सारख्या आहेत ना, ते बघा. नाहीतर आठ हजारांनी स्वस्त तिकीट दहा हजारांनी महाग पडतं.

बॅगेत काय भरायचं त्यावर आपल्या घरांत फार प्रेमाने आणि फार चुकीचं काम होतं. लाडू, चकल्या, कोरडा चिवडा, लोणचं, घरचा मसाला हे चालतं. अमेरिकेच्या कस्टम्सला ‘खाद्यपदार्थ आहेत’ असं सांगायचं, लपवायचं नाही. ताजी फळं, बिया, मांस नाही. सोडे-सुकट मायेने बांधली जाते, पण ती आधी चौकशी करूनच. ताजा कढीपत्ता तर मुळीच नाही, कारण त्यावरून येणारी कीड संत्र्या-लिंबांच्या बागा नासवते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात चालत नाहीत. त्यात तेल असतं आणि ते पेटू शकतं. मुंबईला स्कॅनरवर अशा बॅगा बाजूला काढून उघडायला लावतात. आणि दुबई किंवा अबू धाबीमार्गे जाणार असाल तर खसखस नको. संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते. खसखस नुसती पुडीत नसते, अनारशांवरही असते आणि काही मसाल्यांतही. लेकीच्या दिवाळीसाठी हौसेने केलेले अनारसे त्या मार्गाने नेऊ नका. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच, मोठ्या बॅगेत नाही.

व्हीलचेअर निदान ४८ तास आधी नोंदवा. ज्यांना लांब चालवत नाही त्यांनी संकोच करू नये. थांब्याच्या विमानतळावर गेट पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर असतं. त्या सेवेचे पैसे कुणी मागत असेल तर देण्याआधी कंपनीकडे विचारा. जागा मात्र आधी निवडायचे पैसे बहुतेक कंपन्या घेतात. सोळा तासांच्या प्रवासात कडेची जागा, उठायला सोपी, घ्यावीच.

एका जोडप्याचा हिशेब

पुण्याचं साठी ओलांडलेलं जोडपं, एप्रिलमध्ये जाऊन ऑक्टोबरमध्ये परत, एका थांब्याने, डॉलर ९० रुपये धरून. आकडे पद्धत कळावी म्हणून घेतले आहेत, त्यात आपले घालावेत. तिकिटं २,१०,०००. दोघांचा व्हिसा ३७० डॉलर, म्हणजे ३३,३००. मुलाखतीच्या मुंबई फेऱ्या ८,०००. विमा ६०,०००. जागा निवडायचे १२,०००. पुणे-सहार टॅक्सी जाऊन-येऊन ८,०००. बेरीज ३,३१,३००. यात तिकिटाचा वाटा ६३ टक्के. म्हणजे तिकिटावर घासाघीस करून दहा हजार वाचवणाऱ्याने उरलेल्या सव्वा लाखाकडेही तितक्याच बारकाईने बघायला हवं. व्हिसा दहा वर्षांचा असल्याने पुढच्या खेपेला ४१,३०० कमी होतात. थेट विमान घेतलं तर ६०,००० वाढतात आणि एकूण ३,९१,३०० होतात.

बॅग आली नाही तर

थांबत जाणाऱ्या प्रवासात बॅगा मागे राहण्याची शक्यता जास्त. पट्ट्यावर बॅग दिसली नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. बाहेर आल्यावर तीच तक्रार मांडणं फार अवघड जातं. भारत आणि अमेरिका दोघेही १९९९ च्या माँट्रियल करारात आहेत. त्याप्रमाणे मोडलेल्या सामानाची तक्रार सात दिवसांत आणि उशिरा मिळालेल्याची एकवीस दिवसांत लेखी करावी लागते. हरवलेल्या सामानाची भरपाई प्रवाशामागे १,५१९ एसडीआरपर्यंत मिळू शकते. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे आणि ही रक्कम ढोबळमानाने दोन हजार डॉलर होते. ही कमाल मर्यादा आहे, आपोआप मिळणारी रक्कम नव्हे. म्हणून बॅग भरताना उघड्या बॅगेचा एक फोटो, महागड्या वस्तूंच्या पावत्या, आणि बॅग दिल्यावर चिकटवलेल्या पट्टीचा तुकडा जपून ठेवा. तातडीने घ्याव्या लागलेल्या कपड्यांच्या, औषधांच्या पावत्याही. दागिने आणि कागदपत्रं मोठ्या बॅगेत ठेवूच नयेत. कंपनीने दाद दिली नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.